चाळीसपर्यंत चालणारी गाडी

१

गाडी सुरू होते पण चालू राहत नाही, हे दुखणं बारिमा फिटरच्या लेखी सर्दी-पडशाएवढंच होतं. सुआमेच्या त्या अफाट गॅरेजपट्ट्यात, ज्याला सगळं कुमासी शहर नुसतं 'मॅगझिन' म्हणतं, हजारो फिटर होते आणि प्रत्येकाची एकेक ख्याती होती. कुणी गिअरमध्ये पक्का, कुणी पत्र्यात, कुणी रंगात. बारिमाची ख्याती कानाची. बॉनेट न उघडता तो गाडीशेजारी उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि इंजीन बंद पडताना कसं पडतं ते ऐकायचा. झटक्यात मेलं तर करंट गेला. आचके देत मेलं तर पेट्रोल पोचत नाही. खोकत, काळा धूर सोडत मेलं तर पेट्रोल जास्त झालं. "मरताना कुणी खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा, आणि शेजारच्या शेडमधला म्हातारा अटा वायरमन त्यावर दरवेळी म्हणायचा, "म्हणून तर तू अजून जिवंत आहेस!"

मंगळवारी सकाळी मामे पोकुआ आली, ती दुसऱ्याच्या ट्रकला दोरीने बांधून आणलेली गाडी घेऊन. अंगावर काळं कापड, डोक्याला काळा रुमाल. मागे करड्या रंगाची, लांब नाकाची, पस्तीस वर्षांची जुनी फ्रेंच गाडी. न्सिया मास्तरांची गाडी म्हणून ती सगळ्या पट्ट्याला माहीत होती. मास्तर दर शनिवारी डोक्यावरची टोपीही न काढता ती स्वतःच्या हाताने पुसायचे, आणि शाळेतल्या पोरांपेक्षा गाडीचं नाक स्वच्छ, अशी त्यांची बायको, हीच मामे पोकुआ, चेष्टा करायची. गाडी पाहिली आणि बारिमाने हातातला पाना खाली ठेवला.

त्याने पुढे होऊन तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मामे, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"आठव्या दिवशीच्या बैठकीला येऊन गेलास, तेवढं पुष्कळ झालं." मामे पोकुआ बाकावर टेकली. "दीड महिना झाला, मास्तर अजून हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये आहेत. पुढच्या शनिवारी गावी न्यायचं, पुरायचं. त्यांच्या मागून त्यांची गाडी जायला हवी. मी चालवणार. तेवढी चालू करून दे बाबा."

"काय होतं गाडीला?" बारिमाने विचारलं. न विचारून कसं चालेल?

"सुरू होते. चालू राहत नाही." ती बोलायची थांबली, मग पाठ केलेलं म्हणावं तसं सांगू लागली. "रविवार होता. सगळे चर्चमध्ये. यांच्या छातीत कळ आली म्हणून मागच्या सीटवर निजवलं, छातीला पुदिन्याचं मलम चोळलं आणि निघाले. लाकूडगिरणी बंद पडलीय ना, त्या वळणावर गाडी मेली. किल्ली फिरवली की सुरू व्हायची. गिअर टाकला की लगेच बंद. म्हटलं, उभी ठेवून जरा तापू द्यावी, मग ओढेल. धीर धरायला मी आकडे मोजायला लागले. चाळीस झाले की बंद. दरवेळी चाळीस. हे मागून म्हणायचे, 'पुन्हा एकदा.' वर्गात पोराचा पाढा चुकला की म्हणायचे ना, अगदी तस्सं. अकरा वेळा म्हणाले."

बारिमा फडक्याला हात पुसू लागला. पुढचं तिनेच सांगितलं.

"बाराव्या वेळी नाही म्हणाले."

उठता उठता तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याच्या पंधराच दिवस आधी तुझ्या हाताखालून गेली होती गाडी. म्हणून तुझ्याकडेच आणली. बारिमा सोडून कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं म्हणायचे ते."

२

आता खरं सांगायचं तर बारिमाला कान लावायची गरजच नव्हती. गाडीला काय झालंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानेच केलं होतं.

मॅगझिनमध्ये याला चोरी म्हणत नाहीत, अदलाबदल म्हणतात. गिऱ्हाईक बाकावर बसून केंके-मासे खात असतं तोवर त्याच्या गाडीतला चांगला भाग निघतो आणि तसाच दिसणारा, घासूनपुसून लख्ख केलेला, आतून मेलेला भाग बसतो. म्हणून शहाणं गिऱ्हाईक बॉनेटपासून हलत नाही, लघवीलासुद्धा जात नाही. न्सिया मास्तर मात्र गाडी टाकून खुशाल निघून जायचे. लोकांवर विश्वास ठेवायची त्यांना खोड होती.

बारिमाच्या शेडमागे त्याची स्वतःची गाडी उभी होती, तीही त्याच जातीची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी आफ्रिये पहिलटकरीण, नवरा दूर ओबुआसीच्या खाणीत, म्हणून ती बाळंतपणाला बापाकडे आली होती. कळा सुरू झाल्या की लेकीला ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या व्हॅनच्या, गर्दीत बकऱ्यांशेजारी बसवून न्यायचं नाही, घरची गाडी ठणठणीत हवी, एवढं त्याने ठरवलं होतं. सगळं केलं, पेट्रोल ओढणारा पंप तेवढा दगा देत होता. आणि मास्तरांच्या गाडीत मूळ कारखान्याचा पंप होता, असा की आता जीव दिला तरी बाजारात मिळणार नाही. मास्तरांना काय, आठवड्यातून एकदा चर्च, एकदा बाजार. त्याने पंप काढला, आपल्या गाडीला बसवला. आपला पंप, फाटक्या पडद्याला रबराचं ठिगळ लावून, मास्तरांच्या गाडीत घातला. काम अर्ध्या तासाचं. मग साफसफाईचे पैसेही घेतले.

आठव्या दिवशीच्या बैठकीत तो खरोखर रडला होता. रडणं खोटं नव्हतं, आणि पंप परत द्यावा असं मनात आलं नाही हेही तितकंच खरं.

मामे पोकुआ गेल्यावर त्याने बाजारातून दुसऱ्या कंपनीचा नवा नकली पंप आणला, स्वतःच्या खिशातून. ठिगळवाला काढून भंगारात टाकला, नवा बसवला, हात पुसले. झालं गेलं निस्तरलं, असं वाटून त्याला जरा हलकंही वाटलं. किल्ली फिरवली. इंजीन पहिल्या फटक्यात सुरू झालं, एकसारखं चाललं. तो सवयीने उकिडवा बसला, डोळे मिटले. तिचे ते आकडे डोक्यात होतेच, ते आपोआप सुरू झाले.

चाळीसला इंजीन बंद पडलं.

झटका नाही, आचका नाही, खोकला नाही. कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं, तसं. चोवीस वर्षांत असं मरणं त्याने ऐकलं नव्हतं.

३

बुधवार आणि गुरुवार त्याने गाडी उलटीपालटी केली. बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली, नळी थेट कार्बोरेटरला जोडली, म्हणजे पंपाचा प्रश्नच नको. चाळीस. कार्बोरेटर उतरवून त्याची भोकं तांब्याच्या तारेने साफ केली. चाळीस. हवा कुठून शिरते म्हणून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. धुराचा पाइप मुळापासून सोडला, आवाजाने अर्धा पट्टा शिव्या देऊ लागला. चाळीस.

अटाने कॉईल तपासली, वायरी तपासल्या. "करंट माझ्या सासूच्या जिभेसारखा आहे," तो म्हणाला, "कुठेही अडत नाही. बारिमा, तुझ्या कानात मळ साठलाय."

"काका, चेष्टा नको. चाळीसलाच का मरते?"

"तू मोजतोस म्हणून!"

अटा हसत निघून गेला. बारिमा मात्र हसला नाही, कारण दुपारी त्याने घड्याळ लावलं होतं. एकदा घाईघाईने मोजलं, वीस सेकंदांत चाळीस केले. वीस सेकंदांत बंद. मग मुद्दाम रेंगाळत मोजलं, दोन आकड्यांमध्ये एकेक श्वास घेत. दोन मिनिटं चालली आणि चाळीसला बंद. योगायोग, तो म्हणाला. इंजीन तापतं, काहीतरी आत फुगतं, वेळ पुढेमागे होणारच.

मग त्याने एकोणचाळीसवर तोंड मिटलं.

इंजीन चालू राहिलं. एक मिनिट, तीन मिनिटं, पाच. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. समोर पत्र्याच्या भिंतीवर कुणीतरी खडूने हिशेब लिहिला होता, तिकडे तो बघत राहिला. म्हणायचं नाही, बस. ओठ दाबता येतात, पण मनाला कोण आवरणार? न म्हणायचा आकडा कोणता, हे मनाने एकदा आठवून पाहिलं, आणि गाडी गप्प झाली.

बाहेर चार शेड पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. गाडीत पुदिन्याच्या मलमाचा वास येत होता. सीटला लागलेलं असणार, दीड महिन्यात तो जाणार कुठे, असं त्याने स्वतःला समजावलं. पण काल नव्हता आला.

४

शुक्रवारी सकाळी गाडी रंगवाल्याच्या रस्त्यातून हलवायची होती. चार जण मागे लागले, बारिमा खिडकीतून स्टिअरिंग धरून बाजूने चालला. जागा सपाट होती आणि सरळ पंचवीस पावलं न्यायची होती.

"अरे, डावीकडे काय घेतोस?" मागचा एक जण ओरडला.

"मी कुठे घेतोय! मी उजवीकडे धरलंय!"

"मग ओढतंय कोण? आम्ही ढकलत नाही, ती ओढतेय!"

चौघांच्या टाचा तेलकट मातीत घसरत होत्या. गाडी सावकाश वळली, बारिमाच्या शेडला वळसा घालून मागे गेली आणि तिथे उभ्या असलेल्या त्याच्या गाडीच्या बंपरला टेकली. जोरात नाही. टक्, मग जराशी मागे सरकून पुन्हा टक्. मग जागच्या जागी थांबली.

चौघं हसायला लागले. अटा दारात उभा राहून बघत होता, तोही हसला, पण त्याचं हसणं मध्येच थांबलं.

"माझ्या आजाने असलं डोक्यावर घेतलेलं," तो म्हणाला. "आधी लोक मढं असं न्यायचे, चौघांच्या डोक्यावर. मरण कुणामुळे आलं, ते मढ्यालाच विचारायचे. मग खांदेकऱ्यांना आवरत नसे. मढं ओढत न्यायचं आणि ज्याचं काम असेल त्याच्या दाराला धडक द्यायचं. गोऱ्या साहेबाने कायदा करून बंद पाडलं ते."

"डाव्या टायरात हवा कमी आहे," बारिमा म्हणाला.

"असेल की," अटा म्हणाला. त्याने डाव्या टायरावर बोट दाबून पाहिलं. ते आत गेलं नाही. मग तो आपल्या शेडमध्ये गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या दिवशी बारिमाला प्रत्येक जण आपल्याकडे बघतोय असं वाटत राहिलं. त्याने भुतंखेतं कधी मानली नव्हती. आताही मानत नव्हता. पण पुढच्या शनिवारी काळ्या-लाल कपड्यांतल्या तीनशे माणसांसमोर ही गाडी अशीच वळली तर? शवपेटी पुढे, गाडी मागे, आणि गाडी त्याच्याकडे वळते आहे, हे त्याला डोळ्यांसमोर दिसू लागलं. मास्तरांना त्यांचा पंप परत द्यावा, हे त्याने तेव्हा ठरवलं. मास्तरांची कीव येऊन नव्हे, स्वतःची येऊन.

५

पट्ट्यात हे काम करणं शक्य नव्हतं, पंप ओळखणारे डोळे तिथे पावलापावलाला होते. म्हणून शनिवारी दुपारी त्याने आपल्या गाडीने मास्तरांची गाडी ओढून घरी आणली. दोरीवरच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला अटा बसला होता. अंगणात गाडी लागताच तो उतरला, पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "पाठ दुखतेय रे, जातो," आणि ट्रोट्रो पकडून गेला.

आफ्रिये ओट्यावर पाय पसरून बसली होती. सुजलेले पाय, पोट एवढं मोठं की त्यावर ताटली ठेवून ती भुईमूग खायची. "बाबा, अटाआजोबा गेले. आणि ते दुसरे?"

"दुसरे कोण?"

"मागे बसले होते ना. टोपीवाले. ते नाही उतरले?"

बारिमाने गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेत पपईच्या झाडाची सावली हलत होती. "झाड आहे ते. डोळे तपासून घे."

"झाड टोपी घालतं का?" ती हसली. "बाळाचं नाव तुमचं ठेवणार होते. आता विचार करते. विसरभोळं निघायचं."

रविवारी सकाळी सगळी गल्ली पांढरे कपडे घालून चर्चला गेली, तेव्हा त्याने दोन्ही बॉनेट उघडले. आपल्या गाडीतला पंप काढताना त्याला बघावंही लागलं नाही. हातांना काम कळत होतं. पंप मास्तरांच्या गाडीत आपल्या मूळ जागी असा बसला की पान्याची जवळजवळ गरजच पडली नाही. बाजारातून आणलेला नवा पंप उद्या आपल्या गाडीला घालू, असं म्हणून त्याने तो गोणपाटावर ठेवला.

किल्ली फिरवली. मोजायला लागला. या वेळी मोठ्याने, ओरडून.

"अडतीस! एकोणचाळीस! चाळीस!"

एक्केचाळीस. पन्नास. शंभर. त्याने गिअर टाकला, अंगणात एक फेरी मारली, गाडी लोण्यासारखी चालली. तो हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला. "घ्या मास्तर," तो मोठ्याने म्हणाला, "घ्या तुमचं तुम्हाला. फिटलं आता."

तेवढ्यात घरातून आफ्रियेने हाक मारली. एकदाच, आणि तीही दबकी.

ती न्हाणीच्या उंबऱ्यात भिंत धरून उभी होती. तिच्या पायांखालची फरशी लाल झाली होती. "बाबा, हे असं असतं का?" तिने विचारलं. ते असं नसतं, एवढं त्याला कळलं.

त्याने टॅक्सीवाल्याला फोन केला, अटाला केला, शेजारच्या बाईला केला. कुणी उचलेना. रविवारी दहा वाजता कोण उचलणार? त्याची स्वतःची गाडी, जिच्यासाठी हे सगळं केलं होतं, ती बॉनेट उघडं टाकून पंपाविना उभी होती. पंप बसवायला अर्धा तास. मास्तरांची गाडी अंगणात सुरूच होती, एकसारख्या आवाजात. वाट पाहत असल्यासारखी.

त्याने लेकीला उचललं आणि मास्तरांच्या गाडीत मागच्या सीटवर निजवलं.

६

लाकूडगिरणीचं वळण टाळायला दुसरा रस्ता नव्हता. होता तो पुलापाशी खणून ठेवलेला. वळण दिसलं तेव्हा त्याने दात आवळले, आणि गाडी गिरणीच्या बंद दारासमोर येऊन अलगद थांबली.

"थांबलात का?" आफ्रियेने विचारलं.

"बंद पडली गं. आत्ता होईल." त्याने खिशात हात घातला. फोन घरी गोणपाटावर राहिला होता, नव्या पंपाशेजारी. हॉस्पिटल तीन किलोमीटर. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा पडलेला, लांबवर कुठल्या तरी चर्चचा ढोल वाजत होता.

किल्ली फिरवली, सुरू झाली. गिअर टाकला, मेली. पुन्हा फिरवली. तापू दे, त्याने मनाशी म्हटलं, तापली की ओढेल. मोजायचं नाही. तो पान्यांची नावं घेऊ लागला, मग बायकोच्या भावंडांची, मग प्रार्थनेतल्या ओळी. प्रत्येक ओळीखाली आकडे चालतच होते.

चाळीस.

"पुन्हा एकदा, बाबा," आफ्रिये म्हणाली.

तो दचकला. आवाज लेकीचाच होता. कुणीही हेच म्हणालं असतं, दुसरं काय म्हणणार?

चौथ्या वेळी वास आला. पुदिन्याचा, ताजा, डोळ्यांत झोंबणारा. "आफ्रिये, मलम लावलंस का तू?"

"मी नाही. त्यांनी लावलंय." तिचा आवाज झोपेतल्यासारखा झाला होता. "बाबा, त्यांना जरा सरकायला सांगा ना. मला पाय नीट करायचेत."

त्याने आरशात पाहिलं. आफ्रिये सीटवर आडवी होती, तोंडाचा रंग राखेसारखा. पण तिचं डोकं सीटला टेकलेलं नव्हतं. सीटपासून वीतभर वर होतं, कुणाच्या मांडीवर ठेवावं तसं, आणि खाली काहीच नव्हतं. तिच्या काळ्या केसांवर पांढरे डाग उमटत होते, एकाशेजारी एक, चार. मायेने थोपटणाऱ्या खडूच्या बोटांचे.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं नाही.

"पुन्हा एकदा," मागून आलं.

सात वेळा झालं. आठ वेळा. नवव्या वेळी तो दार उघडून बाहेर पडला, बॉनेट उघडून त्याने त्या पंपावर मूठ आपटली आणि ओरडायला लागला. "दिला ना परत! हा बघा, तुमचाच आहे! मी घेतला होता, मीच घेतला, आता दिला ना! तिने काय केलंय? तिला सोडा!" रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं. तीनशे माणसांसमोर जे लपवायचं होतं ते त्याने बंद गिरणीच्या दाराला सांगून टाकलं.

तो आत येऊन बसला तेव्हा आफ्रियेने विचारलं, "कुठला पंप, बाबा?"

"मास्तरांचा. तुझ्यासाठी घेतला गं. तुला न्यायला गाडी नीट हवी म्हणून."

मागे सीट करकरली, ती कूस बदलत होती. मग म्हणाली, "मी कधी मागितला होता?"

त्याने किल्ली फिरवली. चाळीस. "पुन्हा एकदा," ती म्हणाली. हे दहावं. पुन्हा चाळीस. "पुन्हा एकदा." हे इतकं हळू की त्याला मान मागे टेकून ऐकावं लागलं. अकरा.

बाराव्या वेळी त्याचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. मागून कुणीतरी म्हणेल म्हणून तो थांबला. इंजीन कसं मरतं ते ऐकण्यात त्याची हयात गेली होती. आता तो डोळे मिटून मागच्या सीटकडे कान लावून बसला. चर्चचा ढोल थांबला होता. मागून काहीच आवाज आला नाही.

मग त्याने किल्ली फिरवली. इंजीन सुरू झालं. त्याने गिअर टाकला आणि गाडी ओढू लागली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. वळण मागे पडलं, उतार आला, सपाट रस्ता लागला. इंजीनचा आवाज इतका एकसारखा होता की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. शंभर झाले, दीडशे झाले. हॉस्पिटलचं फाटक दिसेपर्यंत बारिमा मोठमोठ्याने मोजत होता, आणि गाडी काही बंद पडली नाही.